कोथरूडमध्ये नॉर्वे, ऑस्लोत वेताळ टेकडी

पुण्यातल्या आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन आठवडे एकच वाद चालला आहे: क्लब हाउसमधल्या ट्रेडमिलसाठी व्हीआरचे, म्हणजे आभासी दृश्यं दाखवणारे, दोन हेडसेट घ्यायचे की नाही. मी बारा वर्षं ऑस्लोत आहे, पण ग्रुपमधून मला कुणी काढलेलं नाही आणि मेंटेनन्स वेळेवर जातो, तेव्हा मत द्यायचा हक्क शाबूत आहे. घ्या म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं, की डोळ्यांवर चष्मा चढवला की समोर जंगल, झरे, बर्फाचे डोंगर. माणूस कंटाळत नाही, व्यायाम टिकतो. विक्रेत्याने पाठवलेल्या नमुन्यात पहिलंच दृश्य नॉर्वेच्या फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राचं निघालं. मला हसू आवरेना, कारण इथे माझ्या हेडसेटमध्ये मी कोथरूडजवळची वेताळ टेकडी बघते.

डिसेंबरात इथे साडेतीनच्या आधीच सूर्य मावळतो. तशा एका हिवाळ्यात कंटाळून मी हेडसेट घेतला आणि भाच्याला 360 अंशांच्या कॅमेऱ्याने सकाळची टेकडी टिपायला लावली. खाणीतलं पाणी, मोरांचं ओरडणं, मागून येणाऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरचं भजन, सगळं आहे त्यात. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत मळमळायला लागलं. डोळे सांगतात आपण चालतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो बसलोय. त्या भांडणात पोट भरडलं जातं. म्हणून सोसायटीला माझा पहिला सल्ला: सत्तरीच्या माणसाला डोळे झाकून चालत्या पट्ट्यावर उभं करू नका. खुर्ची द्या.

आता इथली गोष्ट. ऑस्लोतले लोक जन्मतः उत्साही असतात असं नाही. पण मेट्रोची 1 नंबरची गाडी फ्रोग्नेरसेतेरेनला थेट रानाच्या काठाशी सोडते. हिवाळ्यात डब्यात स्की घेऊन उभे असलेले लोक बघून पहिल्या वर्षी मी अवाक झाले होते. अंधारात घसरत जायच्या वाटांवर दिवे असतात. 1957 च्या कायद्याने मोकळ्या रानात कुणालाही पायी फिरता येतं, आणि शहराभोवतीच्या रानाची हद्द राखायला 2009 पासून वेगळा कायदा आहे. बिल्डरांना ती हद्द खुपते, तक्रारी होतात, पण ती रेघ सहजासहजी सरकत नाही.

आपल्याकडे? 1997 मध्ये पालिकेत आलेल्या 23 गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण टाकलं, आणि तिथे बांधकाम किती होऊ द्यायचं यावर वर्षानुवर्षं काथ्याकूट चालली. बालभारती ते पौड फाटा रस्ता वेताळ टेकडीवरून न्यायचा घाट घातला, तेव्हा 2023 मध्ये लोकांना टेकडी वाचवायला मोर्चा काढावा लागला. पुणेकरांना निसर्गात जायला प्रोत्साहन हवं, हे गृहीतच मला पटत नाही. पहाटे साडेपाचला टेकडीवर जाऊन बघा, माणूस धडकेल माणसाला.

तरी हेडसेटला सरसकट नाही म्हणायला मी तयार नाही. इंग्लंडमध्ये सुमारे 20,000 लोकांची माहिती घेऊन 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला दोन तास तरी निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. (बाहेर गेल्यामुळे बरं वाटतं की धडधाकट माणसंच बाहेर पडतात, हे त्यावरून ठरत नाही, हेही खरं.) मला त्यात उरलेल्यांची काळजी वाटते: एकदा पडलेले, धसका घेतलेले, सवय मोडलेले. त्यांना फ्योर्ड दाखवून काय होणार? त्यांना त्यांचीच टेकडी दाखवा. चढ कुठे आहे, बाक कुठे आहे, उतरताना पाय कुठे ठेवायचा.

हे मी आईवरून सांगते. दोन वर्षांपूर्वी टेकडी उतरताना मुरुमावरून तिचा पाय घसरला, मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं आणि टेकडी बंद झाली. दिवाळीत आले तेव्हा तिला खुर्चीत बसवून भाच्याचं रेकॉर्डिंग दाखवलं. आधी म्हणाली, "हे डोक्याला जड होतंय गं." मग मान वळवत विचारलं, "इथला बाक काढला का?" मी म्हटलं, "मागे बघ." बाक होता. नंतर तिने चढ सोडून फक्त उतार लावायला सांगितला. तीनदा. चौथ्या दिवशी माळ्यावरचे बूट काढायला लावले आणि काठी घेऊन त्या बाकापर्यंत जाऊन आली.

मी परतल्यावर ती दोनदाच गेली. टेकडीची भीती गेली आहे, पण पायथ्याशी पोचायला पौड रस्ता ओलांडावा लागतो. वरून मेट्रो जाते, खालून दुचाक्या, सिग्नल मिळाला तरी वळणारे थांबत नाहीत. भाच्याचं रेकॉर्डिंग रस्त्याच्या पलीकडून सुरू होतं. रिक्षाने जा म्हटलं, तर एवढ्या जवळ यायला रिक्षावाले नाही म्हणतात.