इन्व्हर्टरवर मायक्रोवेव्ह लावताय? युनिट नाही, अँपिअर विचारा

"भाऊ, घरी सोलर इन्व्हर्टर बसवलाय, त्यावर मायक्रोवेव्ह चालेल का?" वायरिंगच्या धंद्यात असल्यामुळे उन्हाळा आला की हा प्रश्न मला सारखा येतो. विचारणारी बहुतेक पुण्या-बंगलोरला नोकरी करणारी मुलंमुली असतात. आईबाबा इकडे नागपुरात, मनीषनगरला नाहीतर त्रिमूर्तीनगरला एकटे. गॅस चालू राहून जाईल ही धास्ती, म्हणून वरणभात गरम करायला मायक्रोवेव्ह घेऊन दिलेला. मे महिन्यात वादळ सुटलं, लाइन गेली की तोच बंद. ही गरज मला अगदी खरी वाटते. "गॅस आहे ना, मग हे लाड कशाला" असं म्हणणाऱ्यांनी ऐंशीच्या घरातल्या माणसाला अंधारात शेगडी पेटवताना एकदा बघावं.

माझी तक्रार आहे ती दुकानात मिळणाऱ्या उत्तराबद्दल. "चालते ना, बिनधास्त लावा. पाच मिनिटांत बॅटरी थोडीच उतरते!"

बॅटरी उतरत नाही, हे खरंच आहे. २० लिटरच्या साध्या मायक्रोवेव्हवर ८०० वॅट लिहिलेलं असतं, ती अन्नाला मिळणारी शक्ती. प्लगमधून तो ओढतो साधारण १२०० वॅट. मागच्या पट्टीवर 'इनपुट' म्हणून छापलेला आकडा तो. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली की बॅटरीवर पडतात १४०० वॅट. पाच मिनिटांचे झाले जवळपास १२० वॅट-अवर, आणि १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-अवर) बॅटरीत कागदावर तरी १८०० असतात. आपला कूलर तासभर चालला तर याहून जास्त खातो. इथवर दुकानदार बरोबर.

आता करंट काढायला तेच १४०० वॅट भागिले १२ व्होल्ट करा. जवळपास १२० अँपिअर! तुमच्या घराच्या मेन एमसीबीवर (करंट जास्त झाला की पडतो तो स्विच) ३२ किंवा ४० लिहिलेलं असेल, म्हणजे अख्ख्या घराला परवानगी आहे त्याच्या तिप्पट करंट इन्व्हर्टर-बॅटरीच्या ट्रॉलीमागच्या त्या दोन वायरींतून जातो. बॅटरीच्या टर्मिनलवरचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, जरासा ढिला असेल, त्यावर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, आणि तिथे फक्त ०.००५ ओहमचा अडथळा तयार झाला असेल, तरी त्या नखाएवढ्या जागेत ७२ वॅटची उष्णता निघते. पंखा-लाइट चालताना हाच लग थंडगार असतो, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. त्यात चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि ती बॅटरी आपण जिन्याखालच्या कोंदट कपाटात ठेवलेली असते. मला भीती वाटते ती इथे.

२४ व्होल्टची सिस्टीम असेल तर करंट निम्मा होतो, आणि त्याच लगमधली उष्णता थेट चौथा हिस्सा: ७२ ऐवजी १८ वॅट. म्हणून मायक्रोवेव्हसाठी १२ व्होल्टच्या सिस्टीमला मी सरळ नाही म्हणतो. घरोघरी असतो तो ८५० व्हीएचा इन्व्हर्टर तर ७०० वॅटच्या आसपासच झेपवतो. तो ट्रिप होऊन स्वतःला वाचवतो. खरी गडबड त्यानंतर होते. लोक इन्व्हर्टर मोठा आणतात, वायरी मात्र जुन्याच ठेवतात.

"मग पॉवर अर्ध्यावर ठेवतो," असंही सांगतात. साध्या मायक्रोवेव्हमध्ये अर्धी पॉवर म्हणजे काही सेकंद पूर्ण चालू, काही सेकंद पूर्ण बंद. चालू असताना ओढ तीच, शिवाय सुरू होण्याचा झटका वारंवार. ग्रिल आणि कन्व्हेक्शनचं तर नावच नको. आणि स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी लहरीची वीज देणाऱ्या इन्व्हर्टरवर लावूच नका. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर घुमतो, तापतो आणि अन्न धड गरम होत नाही. प्युअर साइन वेव्हच हवा, लाइनसारखी गुळगुळीत लहर देणारा.

आणखी एक गोष्ट घराघरात दिसते, ती बघून जीव खालीवर होतो. मायक्रोवेव्हचा प्लग १६ अँपिअरचा, जाड पिनांचा. इन्व्हर्टरची लाइन दिवे-पंख्यांची, तिथे सॉकेट ६ अँपिअरचं. मग बर्डीच्या बाजारातून कन्व्हर्जन प्लग आणायचा आणि बसवायचं. कधी कधी त्या सॉकेटला अर्थिंगही नसतं. मायक्रोवेव्हची बॉडी लोखंडी आहे, आत हजारो व्होल्ट तयार होतात. विदर्भात कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात, तरी अर्थिंगला आपण अजून वरखर्चच समजतो.

माझ्या मते किमान जोडणी अशी हवी: २४ व्होल्ट, २ केव्हीए किंवा मोठा साइन वेव्ह इन्व्हर्टर, १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची आखूड केबल, क्रिम्प केलेले (यंत्राने दाबून घट्ट बसवलेले) लग आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच डीसी फ्यूज. घरातला एसी एमसीबी तिथे चालत नाही, कारण डीसीमध्ये ठिणगी आपोआप विझत नाही. इन्व्हर्टरपासून मायक्रोवेव्हला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, अर्थिंगसह. मायक्रोवेव्ह सुरू करताना कूलर बंद. लिथियम बॅटरी घेणार असाल तर तिचा बीएमएस (बॅटरीला सांभाळणारं आतलं सर्किट) सलग किती अँपिअर देतो ते आधी बघा. आणि ४५ अंशांच्या नागपुरात बॅटरी गच्चीवरच्या टिनाखाली ठेवू नका. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य जवळपास अर्धं होतं.

ज्यांनी केंद्राच्या सूर्यघर योजनेतून छतावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, त्यांच्यासाठी एवढंच, की बॅटरी नसलेलं ते ग्रिडला जोडलेलं सोलर लाइन गेली की स्वतःही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ते तसंच असायला हवं.

आईबाबांकरता कुणी ही जोडणी करून घेत असेल, तर कोटेशनवर तीन आकडे लिहून मागा: मायक्रोवेव्हचा इनपुट वॅट, बॅटरीतून जाणारा करंट, डीसी फ्यूज किती अँपिअरचा. "काही होत नाही" म्हणणारा फिटर हे आकडे लिहून देत नसेल, तर त्याला ॲडव्हान्स देऊ नका.