टूथपेस्टने काचेचा तडा थांबत नाही

‘गाडीच्या पुढच्या काचेला तडा गेला तर टूथपेस्ट चोळा, तडा जागीच थांबतो’ असा व्हिडिओ जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. कळकळीने सांगतो, हे करू नका.

पुढची काच म्हणजे दोन काचा आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा. दगड लागला की सहसा बाहेरची काच टिचते. कारागीर त्या फटीतली हवा ओढून घेतो, पातळ रेझिन भरतो आणि अतिनील दिव्याने ते कडक करतो. टूथपेस्ट काच जोडत नाही. उलट तिची पांढरी पूड फटीत बसते आणि मग रेझिन नीट धरत नाही.

गेल्या वैशाखात भुसावळहून येताना खडीच्या डंपरमागे माझ्या काचेवर हरभऱ्याएवढा टवका उडाला. मीही टूथपेस्टच लावली. दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत एसी फुल्ल केला आणि डोळ्यांदेखत तडा वीतभर सरकला. शेवटी काच बदलावी लागली.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतणं किंवा एसीचा झोत थेट सोडणं, तडा पळतो तो यानेच. टवक्यावर धूळ-पाणी जाऊ नये म्हणून पारदर्शक चिकटपट्टी लावा, गाडी सावलीत ठेवा, एसी हळूहळू वाढवा आणि लवकरात लवकर काचवाल्याकडे जा. नाण्याएवढा टवका बहुधा भरून निघतो. तडा कडेपर्यंत पोचला असेल किंवा चालकाच्या नजरेसमोरच असेल, तर काच बदलूनच घ्या.