अहवाल बुडवायची सोपी रीत

संस्थेनं वीस वर्षं राबून जे काम केलं त्याचा मागमूस उरू नये, अशी तुमची मनापासून इच्छा असेल, तर हे वाचाच. ऐकीव नाही, अनुभवाचं सांगतोय.

परवा रविवारी दहिवडीकडच्या एका संस्थेचं संकेतस्थळ उघडलं. २०१२-१३च्या दुष्काळात साताऱ्यातल्या माण तालुक्यात चारा छावण्या पडल्या, तेव्हा ही मंडळी दर महिन्याला एक वार्तापत्र काढायची. फक्त ऑनलाइन. कुठल्या गावाची किती जनावरं आली, पेंड किती आली आणि कागदावर किती दाखवली, रात्री छावणीत राहणाऱ्या बायकांना आडोसा आहे का, असं सगळं त्यात असायचं. मी तेव्हा ते वाचत असे. माझी एक विद्यार्थिनी छावण्यांवर प्रबंध लिहितेय, म्हणून तिला मोठ्या ऐटीत पत्ता दिला. उघडलं तर पत्ते पिसणारा एक हसरा तरुण. खाली ‘पहिल्या डावाला बोनस’. पोरीनं माझ्याकडं पाहिलं, मी पंख्याकडं.

तर रीत अशी.

छापायचं नाही. कागद म्हणजे झाडं तोडणं, आपण पर्यावरणवादी. शिवाय छापलं की धोका असतो. १९५४चा कायदा आहे, प्रकाशकानं पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना धाडायची. उद्या तिथल्या कुणी जपून ठेवलं म्हणजे? ऑनलाइन वार्तापत्राला तो कायदा लागूच नाही. निर्धास्त राहा.

तारीख, गाव, अंक क्रमांक, काही घालू नका. फाइलचं नाव ‘अहवाल फायनल, सरांनी बघितलेला’ एवढं पुरे.

टायपिंग जुन्या फॉन्टातच करा. युनिकोडचं, म्हणजे सगळ्या संगणकांना एकसारख्या कळणाऱ्या अक्षरांचं, खूळ डोक्यात घेऊ नका. पानावर अक्षर कसं मोत्यासारखं दिसतं! मग कुणी ‘म्हसवड’ शोधलं तर एकही उत्तर येत नाही आणि मजकूर उचलून दुसरीकडं चिकटवला तर चिन्हांची भेळ होते. म्हणजे अहवाल आहेही आणि नाहीही.

फुकट जागा मिळाली की तिथंच बिऱ्हाड करा. जिओसिटीज २००९मध्ये बंद झालं, याहू ग्रुप्सवरचा मजकूर डिसेंबर २०१९मध्ये काढून टाकला, तर तुम्हाला काय त्याचं? ढाक्यापासून काठमांडूपर्यंत ज्यांनी आपली पत्रकं नि चर्चा तिथं ठेवल्या, ते बघून घेतील.

फोटो फेसबुकवर आहेत की. बास.

आता मुख्य उपाय. पासवर्ड एकाच पोराकडं ठेवा. प्रत्येक संस्थेत असा एक असतोच, ‘त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ म्हणून धरून आणलेला. संकेतस्थळ त्याच्या मेलवर, ड्राइव्ह त्याच्या नावावर, नूतनीकरणाची आठवण त्याच्या मोबाइलवर. पगार किती द्यायचा? चहा. मग तो नोकरीसाठी पुण्याला जातो आणि आपण त्याला शाल-नारळ देऊन निरोप देतो, पासवर्ड न विचारता. पुढं कधीतरी डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचे, हजार-बाराशे रुपये भरायचे राहतात आणि ते नाव पत्तेवाल्याच्या हाती जातं. बैठकीत विषय निघतो, ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून संपतो. त्याच बैठकीत वर्धापनदिनाचा फ्लेक्स मंजूर होतो. वीस बाय दहा! अध्यक्षांचा फोटो छावणीतल्या बैलापेक्षा मोठा! दोन फ्लेक्स, एक एसटी स्टँडला, एक पाहुण्यांच्या वाटेवर, आठवड्यात वाऱ्यानं फाटतात आणि कुणाच्या तरी गोठ्यावर जातात. त्याला पैसे आहेत. हजार रुपयांना मात्र ठराव लागतो, अनुमोदन लागतं, कोरम लागतो. मी चिटणीसांना फोन केला. म्हणाले, “आवो सर, सगळं हाय की! व्हॉट्सॲपवर हाय.” कुठल्या ग्रुपवर? “त्यो ग्रुप आता न्हाई. फोन बदलला न्हवं.”

वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे इंटरनेट अर्काइव्हच्या जुनी वेबपानं जपणाऱ्या साठ्यात, २०१४चं पहिलं पान तेवढं सापडलं. अंकांची यादी दिसते. ओळीनं चौदा अंक. क्लिक केलं की ड्राइव्ह म्हणतं, परवानगी मागा. मागितली. कुणाकडं गेली देव जाणे.

इथवर हसून लिहिलं, आता नाही जमत.

१८८५चं सातारा गॅझेटिअर मी फोनवर मिनिटात उघडतो. १८७६-७७च्या दुष्काळात ज्वारीचा भाव काय झाला, मदतकामांवर किती माणसं होती, सगळं त्यात आहे. साहेबानं लिहिलं, साहेबाच्या सोयीनं लिहिलं, पण टिकलं. आणि २०१३ साली आपल्याच माणसांनी, आपल्याच डोळ्यांनी मोजलेली जनावरं आज सापडत नाहीत. उद्या सरकारी आकडा तेवढा उरेल. छावण्यांतल्या पेंडीवरून तुम्ही ज्यांच्याशी भांडलात, त्यांचाच आकडा. हे तुम्ही स्वतःच्या हातानं केलंत. परदेशातल्या ग्रंथालयांनी येऊन जपावं म्हणता? त्यांनी जपायला अंक जागेवर तर हवा!

काय लागतं हो? अंक निघाला की त्याचा पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाकून जतनाचं बटण दाबायचं. पीडीएफ ड्राइव्हच्या कुलपात न ठेवता इंटरनेट अर्काइव्हवर चढवायची, गाव आणि महिना लिहून. वर्षाचे बारा अंक झेरॉक्सवाल्याकडून काढून दोन संच बांधायचे, एक जिल्हा ग्रंथालयात, एक जवळच्या कॉलेजात. पासवर्ड तिघांकडं. फ्लेक्सच्या एका कोपऱ्याच्या पैशात होतं.

आणि त्या पोराचा नंबर मला अर्ध्या तासात मिळाला. हिंजवडीला असतो. त्यानं पहिल्या रिंगला उचलला. लॅपटॉप केव्हाच विकला म्हणाला, पण गोंदवल्याला आईच्या कपाटात एक पेनड्राइव्ह आहे. त्यात सहा अंक निघाले. आठ गेले. चिटणीससाहेब, इतक्या वर्षांत त्याला एक फोन केला असतात तर?