लेन बदलायची? मागच्याचे ब्रेक आहेत की!

मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेवर एका दिशेला 3 लेन आहेत. नियमाने डावी जड वाहनांची, मधली गाड्यांची आणि उजवी फक्त ओव्हरटेकपुरती. 2002 मध्ये रस्ता पूर्ण झाला, म्हणजे या कल्पनेला रुजायला भरपूर वेळ मिळाला. आज उजव्या लेनमध्ये कंटेनर संथपणे निघालेला असतो, मधल्या लेनमध्ये त्याला डावीकडून मागे टाकू पाहणारा ट्रक, आणि डावी लेन रिकामी. घाई असेल तर ती तुमचीच समजा.

आता मुख्य प्रश्न : लेन बदलणं सुरक्षित कधी? पुस्तकी माणसं सांगतील, आरसा पाहा, इंडिकेटर द्या, मान वळवून आरशात न दिसणारा कोपरा बघा आणि मगच सरका. यांना पुण्याला पोचायचं नसतं. सोसायटीच्या पार्किंगमधून निघताना दुमडलेला डावा आरसा खालापूरच्या टोलपर्यंत दुमडलेलाच ठेवा. मागचं दिसलं की माणूस कचरतो.

इंडिकेटरच्या बाबतीत तर फार सावध राहा. तो दिला की मागच्याला तुमचा बेत कळतो, आणि बेत कळला की तो गाडी दामटून तीच जागा बुजवतो. (हे मात्र उपरोधाने म्हणत नाही, रोज बघायला मिळतं.) तेव्हा निम्मी गाडी पलीकडे गेल्यावर द्यावा, आठवण म्हणून. काहीजण कळंबोलीला लावलेला इंडिकेटर उर्शापर्यंत चालू ठेवतात. तेही चालेल, कारण मग त्याच्यावर कोणी विश्वासच ठेवत नाही.

हिशेबाच्या नादी लागणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. तुम्ही ट्रकच्या मागे 80 ने आहात आणि उजवीकडून कोणी 120 ने येतोय. मर्यादा 100 ची आहे, पण तो येतोय. म्हणजे दर सेकंदाला तो तुमच्या 11 मीटर जवळ सरकतो. आरशात 55 मीटरवर चिमुकली दिसणारी ती गाडी 5 सेकंदांत तुमच्या डिकीला टेकेल. पण हा हिशेब तुम्ही का करायचा? तो करतोय ना, मागचा! त्याचे ब्रेक चांगले असतील, टायर नवे असतील, तो मोबाइलमध्ये बघत नसेल आणि रात्री नीट झोपला असेल, एवढं धरून चालायचं. ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही अशा माणसावर इतका विश्वास टाकणारा समाज जगात दुसरा सापडणार नाही. आपण त्याला कट मारणं म्हणतो, ती खरं तर श्रद्धा आहे.

बोरघाटात या श्रद्धेचा कस लागतो. तिथे 38 ने चढणाऱ्या ट्रकला 40 ने चढणारा ट्रक ओव्हरटेक करायला घेतो. दोघांची लांबी आणि पुढची-मागची थोडी जागा धरली तर या पराक्रमाला मिनिटाहून जास्त वेळ लागतो आणि पाऊण किलोमीटर घाट खर्ची पडतो. तोवर मागे शंभरेक गाड्या हॉर्न वाजवत राहतात. क्लिनरने खिडकीतून हात हलवला की घुसा. तो ‘या’ म्हणतोय की तंबाखू झटकतोय, हे नंतर कळेलच.

2024 पासून रस्त्यावर कॅमेरे बसलेत आणि लेन तोडली तरी चलान येतं. म्हणून कमानीखाली शिस्तीत आपल्या लेनमध्ये राहा. दोन कमानींच्या मध्ये रस्ता पूर्वीसारखाच आहे.

लोणावळ्याची एक्झिट उजव्या लेनमध्ये असतानाच आठवावी, आधी आठवण्यात मजा नाही. मग एका दमात तिन्ही लेन आडव्या कापायच्या. नाहीच जमलं तर दुभागणीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर थांबा, हॅझार्ड लावा आणि खुशाल रिव्हर्स घ्या. हॅझार्ड चालू असले की गाडीला कोणी धडकत नाही, असं आपल्याकडे बहुतेक चालकांना कोणीतरी खात्रीने सांगितलेलं दिसतं.