पन्नाशीनंतर शिमर नको, गडद लिपस्टिक नको… पण का नको?

पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना मेकअपचे नियम सांगणारा एक मजकूर कित्येक वर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, यादी तीच राहते. शिमर, म्हणजे चमकणारा मेकअप, नको. गडद लिपस्टिक नको, ओठ पातळ दिसतात. काळं आयलायनर नको, फार तर तपकिरी. रंगीत आयशॅडो तर नकोच. फाउंडेशन कमीत कमी. आणि शेवटी सगळ्यांवर कडी करणारं वाक्य: इतकी वर्षं जे शोभलं तेच करा, या वयात प्रयोग केलेत तर हसं होईल. सूर काळजीचा असतो, म्हणून तो पटकन पुढे ढकलला जातो. ढकलणाऱ्याही बहुतेक बायकाच.

शेवटचं वाक्य आधी घेते, कारण यादीतलं सगळ्यात चुकीचं तेच आहे. जे शोभलं ते ज्या चेहऱ्यावर शोभलं, तो चेहरा आता तसा राहिलेला नसतो. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन साधारण ३० टक्क्यांनी घटतं. तेलग्रंथी मंदावतात, त्वचा कोरडी पडते. भुवया विरळ होतात, ओठांची कड पुसट होते, वरच्या पापणीची कातडी सैल होऊन घडी पडते. तिशीत चेहऱ्यावर छान बसणारा कॉम्पॅक्ट आता रेषांमध्ये साचतो. पापणी ताणून काढलेली आयलायनरची रेघ बोट सोडताच वाकडी होते, आणि डोळा उघडला की तिचा ठसा वरच्या घडीवर उमटतो. म्हणजे जी बाई पंचवीस वर्षं काहीच बदलत नाही, तिचाच मेकअप आधी बिघडतो. प्रयोगांची गरज विशीपेक्षा साठीत जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता गडद लिपस्टिक. पातळ ओठांवर फार गडद, कोरडी मॅट (चमक नसलेली) लिपस्टिक लावली तर ओठ आणखी लहान दिसतात, हे खरं. पण त्यावरून फिकट, त्वचेच्या रंगाच्या लिपस्टिकचा जो सल्ला निघतो, तो उलटा पडतो. रिचर्ड रसेल आणि ऑरेली पोर्शरॉन या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की वयाबरोबर ओठ, डोळे, भुवया यांचा आजूबाजूच्या त्वचेशी असलेला रंगातला फरक कमी होत जातो, आणि हा फरक कमी असलेले चेहरे पाहणाऱ्याला वयस्कर वाटतात. पुढे २०१७मध्ये वेगवेगळ्या वंशांच्या स्त्रियांच्या चेहऱ्यांवरही तसंच आढळलं. ओठांचा रंग आधीच ओसरतो आहे आणि यादी म्हणते, उरलेलाही झाका! तरुण दिसणं हाच हेतू धरला, तरी सल्ला टिकत नाही.

खरी अडचण रंगाची नाहीच, रंग पसरण्याची आहे. ओठांच्या वर ज्या बारीक उभ्या रेषा येतात त्यांतून मऊ, तेलकट लिपस्टिक वर चढते. त्यावर इलाज साधा आहे: मेणचट लिपलायनरने पूर्ण कड आखून घ्यायची, लिपस्टिकचा एक पातळ थर द्यायचा, टिश्यूने टिपायचा आणि मग दुसरा थर द्यायचा. असं केलं की जांभळट, विटकरी, झगझगीत लाल, काहीही धरून राहतं. भडक, रंगीत पेहरावासाठी गाजलेल्या अमेरिकन आयरिस ॲपफेलच्या नावाने मॅक या मेकअप कंपनीने २०१२ साली मेकअपची मालिका काढली, तेव्हा त्या नव्वद वर्षांच्या होत्या. त्यांचा भडक लाल ओठ कोणी विसरलेलं नाही.

शिमरचा नियम म्हणजे अर्धवट ऐकलेली गोष्ट. चमकणाऱ्या आयशॅडोत बहुतेक वेळा अभ्रकाचे कण असतात, त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर असतो. कण बारीक असतील तर पापणीवर नुसती रेशमी झाक येते. मोठे असतील तर एकेक कण वेगळा लुकलुकतो. हे मोठे कण घडीत जाऊन बसतात आणि जी घडी कोणाच्या लक्षातही आली नसती ती उठून दिसते. तेव्हा टाळायचं असेल तर जाडं ग्लिटर टाळावं. बारीक चमकेची क्रीम आयशॅडो पापणीच्या मधल्या सपाट भागावर बोटाने लावावी आणि घडीच्या जागी चमक नसलेली, थोडी गडद छटा द्यावी. सुरक्षित म्हणून सांगितली जाणारी कोरडी मॅट पावडर कोरड्या पापणीवर भेगाळल्यासारखी दिसते, हे यादीत कुठेच नसतं.

काळ्या आयलायनरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जाड काळी पट्टी जड दिसते, पण पापण्यांच्या केसांच्या मुळाशी बारीक ठिपके देत नेलेली काळी रेघ जड दिसत नाही. गडद निळा, बाटलीसारखा हिरवा, वांगी रंगही मोकळे आहेत. फक्त रेघ आखताना पापणी ताणायची नाही. आरशात समोर बघत, डोळे उघडे ठेवून खुणा करायच्या आणि मग त्या जोडायच्या.

फाउंडेशन कमी, हे मात्र बरोबर. आधी मॉइश्चरायझर लावून तो मुरू द्यावा, मग जिथे डाग किंवा लाली असेल तिथेच फाउंडेशन. यादीतला हा एकच सल्ला मी आहे तसा पुढे पाठवीन.

गंमत अशी की ज्या गोष्टींसाठी खरंच सावध राहायला हवं, त्यांचा यादीत उल्लेखच नाही. पाळी गेल्यावर डोळे कोरडे पडण्याचा त्रास वाढतो. वॉटरलाइनवर, म्हणजे पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर पेन्सिल फिरवली की तिथल्या तेलग्रंथींची तोंडं बुजतात, आणि अश्रू उडून जाऊ नयेत म्हणून लागणारं तेलच कमी पडतं. काजळ आत भरायची सवय असेल, तर बदलायची ती आधी. मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्यावा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर परवानगी देईपर्यंत डोळ्यांना काहीही लावू नये. जवळचं दिसत नसेल तर एकेक भिंग वर-खाली होणारे मेकअपचे चष्मे मिळतात. मोठं दाखवणारा आरसाही चालतो, पण त्यातून फक्त रेघ आखावी, निकाल साध्या आरशात हातभर लांबून घ्यावा. त्या मोठ्या आरशात कोणीच चांगलं दिसत नाही, विशीतलीसुद्धा.

राहिलं हसं होणं. ही वयाची रेघ त्वचेने आखलेली नाही, बाजाराने आखली आहे, आणि सोयीप्रमाणे पुसलीही आहे. अभिनेत्री इझाबेला रोसेलिनी १९८०च्या दशकापासून लाँकोम या फ्रेंच सौंदर्यप्रसाधन कंपनीचा चेहरा होती. चाळिशी उलटल्यावर कंपनीने तिला बाजूला केलं आणि २०१६ साली, ती ६३ वर्षांची असताना, पुन्हा बोलावलं. ब्रिटिश अभिनेत्री हेलन मिरेन ६९ व्या वर्षी, २०१४ मध्ये, लॉरिआलची प्रतिनिधी झाली. तिला मुखपृष्ठावर घेऊन ‘अल्यूर’ या अमेरिकन सौंदर्यविषयक मासिकाने २०१७ मध्ये ‘अँटी-एजिंग’ हा शब्द वापरणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. यात कंपन्यांचा मोठेपणा बघू नये. साठीच्या बायकांकडेही पैसे असतात, एवढं त्यांना उशिरा कळलं. पण जी बंदी विक्रीच्या गणिताने उठते, तिला सौंदर्याचा नियम कसं म्हणायचं?

शिवाय यादीतला प्रत्येक ‘नको’ एकच गोष्ट गृहीत धरतो, की मेकअप वय लपवायलाच करतात. अडुसष्टाव्या वर्षी डोळ्यांवर मोरपिशी रंग लावणारी बाई काय लपवते आहे? तिला तो रंग आवडतो. ज्यांना मेकअपच नको त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, त्यांनाही यादी पाठवू नये.

सुरुवात करायची असेल तर एका वेळी एकच गोष्ट नवी ठेवावी, बाकी चेहरा नेहमीसारखा. म्हणजे काय जमलं, काय फसलं ते कळतं. नवं उत्पादन आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघावं, खाज किंवा लाली येते का ते. मग कुठे जायचं नसेल अशा दिवशी, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात करून एक फोटो काढावा आणि तो लगेच न बघता दुसऱ्या दिवशी बघावा. पहिला प्रयोग गडद निळ्या पेन्सिलीचा, खालच्या पापणीच्या केसांखाली बाहेरच्या कोपऱ्यापासून अर्ध्यापर्यंत, बोटाने जरा पसरवून. नाही आवडला तर पुसायला मिनिटही लागत नाही.