ज्याचे जीबी जास्त, तेच कार्ड मस्त

ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र रंगवणारं कार्ड, घ्यायचंय. बजेट पंधरा हजार, कॉम्प्युटर आठ वर्षांपूर्वीचा आणि इच्छा सगळे नवे गेम 'अल्ट्रा'वर, म्हणजे सर्वांत भारी सेटिंगवर, खेळायची. परिस्थिती उत्तम आहे. आता एकच पथ्य पाळा: दुकानात जाण्याआधी काहीही वाचू नका. वाचून आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार लांबूनच ओळखतो आणि त्याच्याशी तुटक बोलतो. न वाचता आलेल्याला बसायला स्टूल मिळतं.

तर मुंबईच्या कॉम्प्युटर-बाजारात, लॅमिंग्टन रोडला जा, काउंटरवर कोपर टेका आणि विचारा, "भाऊ, चार जीबीचं कार्ड केवढ्याला?" एवढ्या एका प्रश्नात तुमची कुंडली समोरच्याच्या हातात जाते. तो काउंटरखालून जीटी ७३० नावाचं कार्ड काढेल. खोक्यावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसेल. तुम्ही विचाराल, "ह्याच्यावर जीटीए चालेल ना?" तो म्हणेल, "पळेल, दादा!" कुठलं जीटीए आणि कुठल्या सेटिंगवर, असले खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत, बरं दिसत नाही. हे मॉडेल २०१४ सालचं. चार जीबीवाल्याची मेमरी बहुधा डीडीआर३ ह्या संथ प्रकारची, म्हणजे गच्चीवर टाकी भली मोठी आणि नळाला धार करंगळीएवढी. नव्या गेमसाठी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) येणंही २०२१ मध्येच थांबलं. पण टाकी चार जीबीची आहे ना? मग धारेचं काय घेऊन बसलात!

एखादा शहाणा मित्र सांगेल की नाव नीट बघ. जरूर बघा, फक्त नावच बघा. जीटी १०३० नावाची दोन कार्डं आहेत. एकात वेगवान जीडीडीआर५ मेमरी, दुसऱ्यात साधी डीडीआर४, आणि दुसरीचा वेग पहिलीच्या जेमतेम एक तृतीयांश. नाव तेच, खोकंही जवळपास तसंच. आरटीएक्स ३०५० चंही तेच. २०२२ मध्ये आलेलं आठ जीबीचं, त्यात २५६० कोअर, म्हणजे हिशेब करणारे छोटे घटक. २०२४ मध्ये आलेलं सहा जीबीचं, त्यात २३०४ कोअर आणि मेमरीचा रस्ताही अरुंद. लोकांना वाटतं, फरक फक्त दोन जीबीचा. तुम्हीही तसंच वाटून घ्या. (खरं तर ह्या सहा जीबीवाल्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही, ७० वॉटमध्ये भागतं, त्यामुळे जुन्या मशीनसाठी तो पर्याय वाईट नाही. पण असलं काही बोललं की उपरोधाची धार जाते.)

आता हा जीबीचा मंत्र एका ठिकाणी मात्र विसरायचा. बाबांनी अचानक खिसा सैल केला आणि गाडी आरटीएक्स ५०६० टीआयपर्यंत पोहोचली, तर तिथे आठ आणि सोळा जीबी असे दोन प्रकार मिळतात आणि नव्या गेममध्ये तो फरक खरोखरच जाणवतो. अमेरिकेतल्या जाहीर किमतीत तो ५० डॉलरचा होता. इथे आपल्या अंगातली काटकसर जागी झाली पाहिजे. आठच घ्या. उरलेल्या पैशांत लुकलुकणारे पंखे येतात.

बाबांचा विषय निघालाच आहे, तर त्यांना 'गेम' हा शब्द ऐकवू नका. 'प्रोजेक्ट' म्हणा. हल्ली 'एआय' म्हटलं तरी चालतं, आजोबासुद्धा मान डोलावतात.

एसएमपीएसकडे, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, ढुंकूनही पाहू नका. कॅबिनेटबरोबर फुकट आला होता तोच, एका हाताने सहज उचलता येणारा, ज्याच्या स्टिकरवर ४५० वॉट लिहिलंय. स्टिकर खोटं कशाला बोलेल? नव्या कार्डाला आठ पिनची केबल हवी आणि ह्याच्याकडे ती नाहीच, म्हणून घाबरू नका. दुकानात कन्व्हर्टर मिळतो. जुन्या हार्डडिस्कच्या वायरीतून दीडशे वॉट ओढायचे, म्हणजे गेमपेक्षा जास्त थरार कॅबिनेटच्या आत. थोडा जळका वास आला तर उदबत्ती लावा.

मदरबोर्डाचीही चौकशी नको. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड मदरबोर्डावरच्या स्लॉटमधल्या सोळापैकी चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं आणि जुन्या थर्ड जनरेशन स्लॉटवर त्याची दमछाक होते. म्हणजे ज्यांच्या खिशाकडे बघून ते काढलं, त्यांच्याच मशीनवर ते जास्त अडखळतं. योजना बघा किती विचारपूर्वक आहे!

सेकंडहँडमध्ये तर सोनंच सोनं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम ह्या क्रिप्टो चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर नाणी कमावणं, बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. विकणारा सांगेल, "बहिणीने ऑनलाइन क्लाससाठी वापरलंय." बहिणीला सहा-सहा कार्डं का लागली, हे विचारून कुणाच्या घरगुती बाबींत नाक खुपसू नका. आरएक्स ५८० घेताना नावापुढे बारीक अक्षरात '२०४८ एसपी' दिसलं तरी वाचू नका, मूळच्या ५८० मध्ये असे कोअर २३०४ असतात एवढंच. आणि विकणाऱ्यासमोर जीपीयू-झेड हे कार्डाची ओळख दाखवणारं सॉफ्टवेअर तर अजिबात चालवू नका. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं कार्ड असेल तर ते सॉफ्टवेअर बऱ्याचदा चारचौघांत 'फेक' असं लिहून दाखवतं. त्याला कसली ती भीडभाड नाही.

एवढं करून स्क्रीनवर सेकंदाला वीसच फ्रेम (चित्रं) आल्या, तर फ्रेम जनरेशन चालू करा. जानेवारी २०२५ मध्ये कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या जेन्सन ह्वांग ह्यांनी लास व्हेगासच्या मंचावरून सांगितलं की ५४९ डॉलरच्या ५०७० ह्या कार्डात ४०९० ह्या वरच्या कार्डाची ताकद मिळेल. ह्यातली मेख अशी की चारातल्या तीन फ्रेम एआय रंगवतो. तुमचं कार्ड ते करू शकत असेल तर कोपऱ्यातला आकडा ऐंशीकडे झेपावेल. माऊस हलवल्यावर बंदूक मात्र विसाच्याच चालीने वळेल. आकड्याचा स्क्रीनशॉट काढा, स्टेटसला टाका, बंदूक फोटोत वळत नसते.

शेवटी जोडणी. मॉनिटरची केबल कार्डाला न लावता सवयीप्रमाणे मदरबोर्डाच्याच पोर्टाला लावा. नशीब असेल तर तिथूनही चित्र येतं, फक्त कार्ड आत आराम करत राहतं. तापत नाही, आवाज नाही, विजेचं बिलही आटोक्यात. आणि वर्षभराने विकायला काढाल, तेव्हा 'फारसं वापरलेलं नाही' हे वाक्य बाजारात पहिल्यांदाच कुणीतरी खरं लिहिलेलं असेल.