फेविक्विक लावलेला काटा

आमच्या फ्रिजवरच्या रेडिओचा काटा फेविक्विकने चिकटवलेला आहे. माझ्या लेकाने एकदा स्टेशन फिरवून ठेवलं आणि बाबांची अख्खी सकाळ हुकली, त्याच दुपारी त्यांनी बटणाला जन्मठेप ठोठावली. काटा तिथेच राहील आणि स्टेशनच निघून जाईल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नात होतं?

तर आमचं ते खासगी एफएम विकलं गेलं. सोमवारी सकाळी साडेसहाला भजनाऐवजी कुणीतरी "जागो इंदौर!" म्हणून असा कोकलला, की बाबा गच्चीवरून धावत खाली आले. "घरात कोण शिरलंय?"

आमच्याकडे रेडिओ गाण्यांसाठी कमी आणि घड्याळ म्हणून जास्त वाजायचा. पहिलं भजन लागलं की बाबांची थायरॉइडची गोळी, भजनं संपली की चहा. मधे अर्धा तास, डॉक्टरांनी सांगितला तस्सा. जुनी गाणी सुरू झाली की आई कुकर चढवायची. निवेदिका "चलिए, कल मिलते हैं" म्हणाली आणि मी अजून टॉवेलातच असलो, तर आज लेट मार्क लागणार हे घरात सगळ्यांना कळायचं. आता सगळाच घोळ. मंगळवारी बाबांनी गोळी चहाबरोबर घेतली, बुधवारी चहानंतर, आणि गुरुवारी घेतली की नाही यावर आई-बाबांमध्ये दुपारपर्यंत वाद.

शेजारच्या मावशी विचारायला आल्या, "रेडिओ विकला म्हणजे काय रे? माझा तर घरीच आहे." मी समजावलं, की लहर सरकारची, लिलावात कंपनीला ठरावीक वर्षांसाठी मिळते; कंपनी दुसऱ्याने घेतली की नंबर तोच राहतो, आवाज बदलतो. "म्हणजे दारावरची पाटी जुनी आणि आत नवे भाडेकरू," मावशी म्हणाल्या. मला पाच मिनिटं लागली होती.

राजवाड्याजवळ पोह्यांवर जिरावण भुरभुरताना पोहेवाल्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "भिया, वो दीदी कहाँ गई?" जणू तिला मीच लपवून ठेवली होती. सगळ्यात हळवे झाले होते ते बाबांचे एक मित्र. 2001 साली इंदूरला खासगी एफएम आलं, तेव्हा "ही कसली बडबड?" म्हणून हेच गृहस्थ कितीतरी दिवस मालवा हाउसच्या आकाशवाणीला चिकटून बसले होते. आता त्याच बडबडीसाठी जिलबी हातात धरून उसासे टाकत होते. (जिलबी संपवली मात्र.)

"बाबा, आकाशवाणी लावू या ना," मी सुचवलं. सगळ्यांनी एकदम फ्रिजकडे पाहिलं. मी पक्कड आणली, जोर लावला. बटण हातात आलं, काटा जागचा हलला नाही.

शेवटी बाबांनी तक्रार करायला स्टेशनला फोन लावला. तो नेमका प्रश्नमंजूषेत जोडला गेला. पलीकडून आनंदाचा चीत्कार, "हाँ अंकल! बताइए, अपने राजवाड़े की कितनी मंज़िलें हैं?"

"सात," बाबा म्हणाले. "और वो भजन..."

पुढचं टाळ्यांच्या रेकॉर्डमध्ये बुडालं. बक्षीस म्हणून दाढीला लावायचं तेल आलं. बाबा गेली पन्नास वर्षं रोज गुळगुळीत दाढी करतात. आई ते तेल दाराच्या बिजागरीला घालते. दार आता अजिबात करकरत नाही.

या गोष्टीला तीन महिने झाले. हल्ली "जागो इंदौर"ला गोळी आणि प्रश्नमंजूषेला चहा. काल तो मुलगा तीन मिनिटं उशिरा कोकलला. बाबा तळहातावर गोळी घेऊन फ्रिजपुढे ताटकळत उभे होते.

"या नव्या लोकांना," ते आईला म्हणाले, "वेळेची काही किंमतच नाही."